अर्धा तास वाचवणारी चाकं

आपल्या सायकलला शोभतील अशी चाकं तिला मिळायला हवीत, हा साक्षात्कार मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर झाला. मग कार्बनची, काळीभोर, खोल रिमची चाकं घरी आली. ही रिम इतकी खोल असते की ट्यूबचा व्हॉल्व्ह तिच्या पोटातच बुडतो आणि हवा भरायला बाहेर काही उरत नाही. म्हणून व्हॉल्व्हमधली पिन काढायची, तिथे बोटभर लांबीची नळी पिळून बसवायची आणि पिन त्या नळीच्या टोकाला लावायची. या नळीला एक्स्टेंडर म्हणतात. आधी हौसेने अडचण विकत आणायची आणि मग तिच्यावरचा उपाय, अशी ही सोय आहे.

चाकं लागली त्याच दिवशी मी अकोल्याच्या थोरल्या बहिणीला फोन केला. यंदा भाऊबीजेला अमरावतीहून सायकलने येतो, दहाला तुझ्या दारात असेन, ही चाकं चांगला अर्धा तास वाचवतात, असं सगळं ऐकवलं.

"बसनं ये ना बापा," ताई म्हणाली. "ओवाळल्याबिगर मी तोंडात काही टाकत नाई, तुले मालूम हाय."

मला मालूम होतं. तिला साखरेचा आजार आहे, उपाशी राहणं सोसत नाही, हेही मालूम होतं. पण नव्या चाकांच्या माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टी दिसत नाहीत.

संध्याकाळी दगडासारखं टणक केलेलं मागचं चाक सकाळी पिळपिळीत झालं. मी ट्यूब बदलली. पुन्हा तेच. मी आणखी एक ट्यूब बदलली. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर टायर, रिम, उष्णता आणि माझं वजन अशी चार कारणं तासाभरात मिळाली. शेवटी राजापेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने ट्यूब नळीसकट पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे निघाले ते नळी आणि व्हॉल्व्हच्या जोडातून.

"ट्यूब चांगली हाय भाऊ. हवा चुडीतून जाऊन राहिली," तो आट्यांवर बोट ठेवून म्हणाला. "नळाची पांढरी टेप गुंडाळा अन् मंग पिळा."

मला हसू आलं. ज्या चाकांना वारा कापता येतो त्यांना मोरीच्या नळाची टेप लावायची म्हणजे काय. मी घरी आलो, दोन परदेशी व्हिडिओ पाहिले आणि पक्कड घेऊन नळी कचकचून आवळली. झालं काम, असं स्वतःलाच सांगितलं.

भाऊबीजेला उजाडताच निघालो. बडनेऱ्याच्या पुढे एकदा हवा भरली. मग दर काही किलोमीटरला उतरून भरू लागलो. वारा कापायला आलेला माणूस वारा भरत बसला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे चाक पार बसलं, म्हणून सोबतची ट्यूब घातली आणि तीच नळी तिच्यावर चढवली. काढून टाकलेली ट्यूब ही माझ्या हातून बळी गेलेली तिसरी निर्दोष ट्यूब. दहा कधीच वाजून गेले होते. ताईला फोन करून म्हटलं, तू खाऊन घे.

"तू ये," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. मला पहिल्यांदा भीती वाटली.

नव्या ट्यूबमधूनही हवा जाऊ लागली, तेवढ्यात एक पिकअप थांबली. शेंदूरजनाघाटचा बागाईतदार अकोल्याला संत्री घेऊन चालला होता. त्याने उकिडवं बसून चाक पाहिलं, नळी पिळून काढली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"उघडी चुडी काहून बसवली भाऊ? बगीच्यातल्या ठिबकच्या नळीले बी आमी असं करत नाई."

गाडीतल्या डब्यातून त्याने पांढरी टेप काढली, आट्यांवर तीन वेढे दिले आणि नळी हातानेच बसवली. मी हवा भरली. ती राहिली. माझ्या डोक्यात मात्र मिस्त्रीचं घमेलं आलं आणि त्या बुडबुड्यांपुढे हसणारा मी.

गाडी संत्र्यांनी गच्च भरलेली, म्हणून उरलेला रस्ता सायकलनेच काढला. ताईच्या दारात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पाट मांडलेला, ताट तयार. मला ओवाळताना तिने निरांजनाचं ताट दोनदा खाली टेकवलं आणि पुन्हा उचललं. तिने पहिला घास घेतला, पाठोपाठ आणखी दोन घेतले आणि मग दाराशी टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं.

"हेच का ते चाक?"

"हो."

"मंग वाचला का अर्धा तास?"

तिने रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.