बाळंतिणीच्या खोलीतला सीएफएल

रंगूबाईचं आमच्या घरातलं पहिलं भांडण झालं ते दिव्यावरून.

माझी लेक उन्नती बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे ऐरोलीला आली होती. मुलगा झाला. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला, न्हाऊ घालायला आणि शेक द्यायला रंगूबाई दिघ्याहून यायची, सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. मूळची साताऱ्याकडची. नवरा बाबासो वाशीच्या मार्केटात पोती वाहायचा. त्याची कंबर कामातून गेली आणि घर हिच्या दोन हातांवर आलं. हात मात्र असे, की बाळाला पायांवर पालथं घातलं की ते रडायचं विसरून गपगार पडायचं. दिघ्यापासून घणसोलीपर्यंत कुणाकडे पाळणा हलला की बायका तिचंच नाव सांगत. अंगाने किरकोळ, आवाज मात्र तिप्पट. घरात शिरली की आमच्या ह्यांनासुद्धा टीव्हीचा आवाज कमी करायला लावायची.

आतल्या खोलीत पलंगावर छताला टांगलेला एक दिवा आहे, वेताच्या टोपीचा. त्यात ह्यांनी लावलेला पांढरा एलईडी. रंगूबाईने तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तक्रार केली.

"ताई, ह्यो दिवा बदला. बटन दाबलं की फाडदिशी डोळ्यात घुसतोय. पोर दचकतंय बघा."

खोटं नव्हतं. बटण दाबलं की बाळाचे दोन्ही हात वर उडायचे, मुठी उघडायच्या. माळ्यावर एक जुना सीएफएल खोक्यात पडून होता, तो लावून पाहिला. त्याची तऱ्हा वेगळी. आधी मलूल लागायचा आणि वाटीतलं तेल कोमट होईपर्यंत हळूहळू उजळायचा. बाळ हललंदेखील नाही.

हे मात्र दारात उभे राहून कुरकुरले. "रंगूबाई, एलईडीला वीज कमी लागते. वर्षानुवर्षं चालतो. पडला तरी सहसा फुटत नाही. आणि ह्या सीएफएलच्या काचेत पारा असतो, पारा! फुटला तर?"

"फुटंल कशाला, दादा? मी काय खोलीत बॅटबॉल खेळतीया?"

उन्नती खुदकन हसली आणि सीएफएल राहिला. एक गोष्ट होती. एलईडी बुटका, वेताच्या टोपीत पुरता मावायचा. सीएफएलच्या वेटोळ्या नळ्या टोपीखाली चांगल्या चार बोटं लोंबायच्या. कुणाचं डोकं लागत नव्हतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी धुरी असायची. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची, बाळाचं दुपटं त्या धुरावर धरायचं, धूर त्यात भरला की एकदा झटकून ऊबदार असतानाच बाळाला गुंडाळायचं. खिडकी अर्थातच बंद. नुसती बंद नाही, रंगूबाईने जुन्या साडीच्या चिंध्या सगळ्या फटींत ठासून भरल्या होत्या. सव्वा महिना होईपर्यंत बाळाला वारं लागता कामा नये, हा तिचा कायदा. धूर कोंडून आमचे डोळे चुरचुरायचे, पण तिच्यापुढे बोलणार कोण?

एका संध्याकाळी तिने दुपटं झटकलं आणि त्याचं टोक वर जाऊन लोंबत्या सीएफएलला लागलं.

आवाज फार मोठा नव्हता. अंधार झाला, आणि शेगडीच्या लाल उजेडात मला दिसलं की काचेचे बारीक तुकडे थेट निखाऱ्यांवर पडलेत. उन्नती जेमतेम दोन हातांच्या अंतरावर, बाळ तिच्या मांडीत. रंगूबाईच्या हातातल्या दुपट्यावर पांढरी भुकटी.

"आई, पारा!" उन्नती किंचाळली.

मी बॅटरी लावली. रंगूबाईने तोवर कोपऱ्यातली केरसुणी उचललीही होती. बाहेरून हे ओरडले, "झाडू नका! झाडू नका म्हणतो! उडेल ते! बाळाला बाहेर आणा, खिडकी उघडा!"

"खिडकी?" रंगूबाई खिडकीला पाठ लावून उभी राहिली. "न्हाई वो ताई! अंग गरम हाय पोराचं, वारं शिरंल! एकदा वारं शिरलं का..."

मला दोन्हीकडून भीती वाटत होती. तिचं वारं खरं की ह्यांचा पारा खरा, हे ठरवायला वेळच नव्हता. माझ्याही बाळंतपणात खिडक्या बंदच होत्या. पण शेगडीतून ओव्याच्या वासात मिसळलेला काहीतरी वेगळा, जळका वास यायला लागला होता. उन्नतीच्या अंगावर पदर टाकून मी दोघांना बाहेर ढकललं.

"रंगूबाई, बाजूला व्हा."

ती हलली नाही. मग मी बॅटरी तिच्या हातातल्या दुपट्यावर धरली. त्या भुकटीकडे ती बघत राहिली. अजून एका क्षणात तेच दुपटं बाळाच्या तोंडाशी गेलं असतं. दुपटं तिथेच टाकून ती वळली आणि स्वतः ठासलेल्या चिंध्या ओढून ओढून काढायला लागली. खिडकी धाडकन उघडली. खाडीकडचा वारा आत आला. मग तिने शेगडी उचलली, फडकं न घेता, तशीच, आणि गॅलरीत नेऊन ठेवली.

ह्यांनी बाळाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, पारा असतो तो टाचणीच्या टोकाएवढा, घाबरू नका. पण खोलीचं दार लावून घ्या, खिडकी उघडीच ठेवा, काच जाड पुठ्ठ्याने गोळा करा, राहिलेली कणी ओल्या कागदाने टिपा, सगळं बरणीत बंद करा, ते दुपटं पुन्हा वापरू नका, आणि बाळाला एकदा दाखवून जा. निखाऱ्यावर काच पडली म्हटल्यावर मात्र त्यांचा सूर बदलला, तापला की पाऱ्याची वाफ होते. "लगेच या," म्हणाल्या. मी पर्स उचलली आणि रिक्षा थांबवायला खाली धावले.

रिक्षात बाळ झोपलं. एरवी झोपलं की आम्ही देवाचे आभार मानायचो. आता उन्नती दर सिग्नलला त्याच्या नाकाशी बोट धरत होती. "आई, हे नेहमीसारखं झोपलंय ना? की..." मी तिला पुढचं बोलू दिलं नाही. मला स्वतःलाच ते विचारायचं होतं, पण विचारायला माझ्याकडे कुणी नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, घसा पाहिला, तळव्याला टिचकी मारली. बाळ संतापून लालबुंद झालं. "फुप्फुसं छान आहेत," त्या म्हणाल्या. "काही झालेलं नाही. दोन दिवस लक्ष ठेवा. श्वास जोरात लागला, दूध ओढेनासं झालं, तर फोन करा."

घरी आलो तर रंगूबाई नव्हती. हे म्हणाले, "मी पुठ्ठ्याने काच गोळा करत होतो. ती दारात बसली होती. वळून बघतो तर गेलेली. न सांगता." फोन लावला तर बंद.

सकाळी आंघोळीची वेळ झाली आणि टळली. रंगूबाई आली नाही.

मला तिची एक गोष्ट ठाऊक होती. तिनेच कधीतरी तेल लावता लावता, मान खाली घालून सांगितलेली. दिघ्यातल्याच एका घरचं बाळ तिने न्हाऊ घातलं आणि संध्याकाळी ते दगावलं. त्याच्या काळजात जन्मतःच खोट होती, तसं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. पण घरातली माणसं हिच्या दारात येऊन उभी राहिली. पुढे कितीतरी दिवस कुणी तिला आपल्या बाळाला हात लावू दिला नाही. "तवापासनं, ताई," ती म्हणाली होती, "दारावर भलत्या येळंला थाप पडली का माझं पाणी पाणी होतंय."

बाळ दूध पिऊन झोपलं, श्वास नीट चालला होता. उन्नतीला सांगून मी दिघ्याला निघाले.

गल्ली अरुंद, दारं एकमेकांना टेकलेली. तिचं दार लोटलेलं होतं. थाप मारायच्या आधी मी थबकले, मग नुसती हाक मारली. "रंगूबाई, मी आलेय."

दार उघडलं बाबासोने, भिंतीचा आधार घेत. ती मागे चुलीपाशी उभी होती. मला एकटीला पाहिलं आणि खाली बसली, कुणीतरी दोरी कापल्यासारखी. तिच्या दोन्ही तळव्यांना हळद लावून फडकी बांधली होती. काल शेगडी उचलली तेव्हा हात भाजले, हे आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं.

तिची नजर माझ्या मागे गल्लीत आणखी कोण उभं आहे का ते शोधत होती. बाळाचं विचारायची तिची हिंमत नव्हती.

"बाळ बरं आहे," मी म्हणाले. "दूध प्यायलं, झोपलंय."

"झोपलंय?" तिचा आवाज मला ओळखू येईना. "कवाधरनं?"

"अहो, आत्ताच. डॉक्टरांनी तपासलं. काहीही झालेलं नाही."

"तुमी माझी समजूत काढाय आलाय, ताई. चांगल्या घरची माणसं तसंच बोलत्यात आधी."

बाबासो म्हणाला, "रातच्यापासनं असंच चाललंय. जेवली न्हाई. पोर गेलं म्हनतीया."

मी उन्नतीला व्हिडिओवर घेतलं. पडद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, डोळे मिटलेलं. रंगूबाईने तोंड फिरवलं. "झोपल्यालं नका दाखवू. रडवा त्याला."

"काय?"

"रडवा म्हनते!"

उन्नती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी होकाराची मान हलवली. तिने तळपायाला गुदगुल्या केल्या, बाळाने पाय आखडून घेतला. दुसऱ्यांदा केल्या. तोंड वाकडं झालं, जिवणी थरथरली, आणि मग जे भोकाड पसरलं त्याने त्या एवढ्याशा खोलीतली भांडी हलली असतील. शेजारची बाई डोकावून गेली.

रंगूबाई कान देऊन ऐकत होती. बराच वेळ. बाळ दमून हुंदके द्यायला लागलं तरी ती ऐकतच होती. मग फडकं बांधलेल्या हाताने तिने डोळे पुसले.

"ह्ये भुकंचं न्हाई," ती म्हणाली. "अंग चिकट झालंय त्याचं. आंघूळ घातली न्हाई कुनी?"

"कोण घालणार? माझ्या हातांना आता सवय राहिली नाही."

"आनि माझं भाजल्यालं." ती उठली, पदर खोचला. "चला. मी सांगंन तसं तुमी करा. तेल तुमी लावायचं. आनि हळू हां, ताई, तुमचा हात लई जड हाय."