मायच्या हातची पोळी

मारेगावजवळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची पोळी करायचं काम मायकडे होतं. आदल्या दिवशी ती बिनमिठाची, बेखमीर पोळी भाजायची, मनुका भिजवून रस काढायची. आणि रविवारी ताट समोर आलं की काही न घेता पुढे सरकवायची. घरीसुद्धा तिनं त्या पोळीचा तुकडा कधी तोंडात टाकला नाही. मनात वैर असताना प्रभूच्या पंगतीला बसायचं नाही, हा तिचा नियम. पाळकांनी परोपरीनं समजावलं, पण ऐकेल ती माय कसली.

वैरही साधं नव्हतं. छप्पन साली शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं आणि शेजारच्या धुरेकऱ्यानं बाबांच्या डोक्यात काठी घातली. दवाखान्यात पोचण्याआधीच बाबा गेले. धुरेकरी जेलात गेला. पोळीचं काम मायकडे आलं ते त्यानंतरच. मी त्याचा मनापासून द्वेष करायचे आणि प्रभुभोजनही बिनदिक्कत घ्यायचे.

एकसष्ट साली तो सुटून आला. पार खंगला होता आणि गोठ्यात एकच बैल उरला होता. एकेक बैल असलेले दोघं आमच्याकडे सावड करतात, म्हणजे दोन्ही बैल एका जुवाला जुंपून दोघांची शेतं पेरतात. त्याच्याशी सावड करायला गावात कोणी तयार नव्हतं. आमचाही बैल एकच होता, पण कळंबहून मामा आपला बैल पाठवणार होता. आमचं काही अडलं नव्हतं.

पेरणीच्या तोंडावर माय म्हणाली, "मामाले निरोप धाड, बैल नको म्हणाव. आपण धुरेकऱ्यासंग सावड करू."

"माय, तू येडी झाली काय? त्यानं बाबाले मारलं."

"मले सांगून राह्यली? रगत मीच पुसलं."

"मंग काहून?"

"मले त्या ताटातलं खायचं हाय," माय म्हणाली. "किती वर्सं नुसती भाजूनच राह्यली मी."

मी भांडले, रडले. ती मात्र तडक त्याच्या दारी गेली. मी तणतणत मागे. तो मान खाली घालून उभा राहिला. "वयनी, मी कोणत्या तोंडानं येऊ?"

"तोंडाचं राहू दे. बैल घेऊन ये."

आधी त्याचं शेत पेरलं, मग आमचं. त्यानं तिफण धरली, माय मागून बी सोडत होती. त्याचा बैल घाईचा, आमचा महा आळशी, त्यामुळे पेरणीचं तास काही सरळ येईना. बाबा जिथं पडले होते तिथं आल्यावर तो थांबला आणि हमसून रडायला लागला. मायनं पदरानं आपले डोळे पुसले.

"म्या तुले माफ केलं," ती म्हणाली. "आता हाक बैल."

मी धुऱ्यावर बसून होते. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून माझाच राग आला.

पुढच्या प्रभुभोजनाला ताट आलं. मायनं तुकडा घेतला, डोळे मिटून खाल्ला. मग माझ्या कानाशी लागली, "कच्ची हाय वं. इतकी वर्सं कोणी सांगतलं नाही मले."

सगळ्या मंडळीला ते ठाऊक होतं. पण जी स्वतः खात नाही, तिला सांगणार कोण? मला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

त्यानंतर माय एक पोळी आधी चाखून बघायची. मग मात्र पोळी कधी कच्ची राहिली नाही.