तालमीत सापडलेला पाय

ती घटना मला आजही आठवते. जेवताना सांगायला लागलो की घरचे ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातात, म्हणून इथे लिहितो.

नव्वदीच्या अखेरीस कोल्हापुरात सरकारी दवाखान्याच्या एका खोलीत अपंगांसाठी केंद्र सुरू झालं. खोली सरकारची, यंत्रं आणि कारागीर एका खासगी संस्थेचे. कृत्रिम पाय फुकट मिळे, पण केंद्रात नीट चालून दाखवल्याशिवाय घरी नेता येत नसे. तिथला एक नवा पाय चोरीला गेला. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात होतो, तपास माझ्याकडे आला. दवाखाना म्हणे, किल्ली संस्थेकडे. संस्था म्हणे, पहारेकरी सरकारी. पाय मिळाला नाही तर सामान उचलतो, असं संस्थेने बजावलं. म्हणजे शेजारच्या हातकणंगल्याकडच्या माणसांनाही पुन्हा पुण्या-मुंबईच्या खेपा.

मापाने केलेला पाय दुसऱ्याला बसत नाही, हे ठाऊक असूनही मी आधी भंगारबाजार पालथा घातला. आमची हुशारी ही अशी. मग एका तालमीशेजारच्या गवळ्याने खबर दिली : दुपारी तालीम बंद असते, तरी आत कुणीतरी आदळतं.

तो पाय ज्याच्यासाठी बनला होता, तो जुना पैलवान. अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेला. त्याला ठाण्यात बोलावलं. कुबड्या टेकत आला आणि उलट मलाच विचारू लागला, माझाच पाय मी चोरीन व्हय? मी चहा मागवला. कप उचलताना त्याची बाही सरकली. कोपराला तांबडी माती. कुस्ती सोडून तर त्याला वर्षं झाली होती.

"मातीत कशाला उतरलास?"

त्याने बाही खाली ओढली. "केंद्रात फरशीवर पडलो की सगळी अरेरे करत्यात, साहेब. मातीत पडायची लाज न्हाय. पडल्याबिगर चालायचं कसं, सांगा की."

केंद्रात सरावाला गेला तेव्हा पाय लावूनच, लेंग्याखाली झाकून, तो पहारेकऱ्यासमोरून बाहेर पडला होता. दोन पायांच्या माणसाला कोण अडवणार?

दवाखान्याच्या आणि संस्थेच्या साहेबांना मी तालमीत नेलं. सोबत आलेल्या, केंद्रात व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याला मातीत चालवून पाहिलं आणि दुपारचा सराव इथेच घ्यायचं ठरवलं. तालमीचे वस्ताद संस्थेच्या साहेबांना म्हणाले, "पावणं, आमची माती बी भागीदार धरा की." केंद्र टिकलं. तक्रार मागे घेतली गेली.

चोरीमागे लोभ शोधायची आम्हाला सवय. या प्रकरणानंतर मी आधी लाज शोधू लागलो.

प्रकरण मिटल्याच्या कागदावर सही करायला पैलवान आला, तो कुबड्यांशिवाय. मुद्देमाल आजवर आम्ही पोत्यात घालून आणला होता. हा पहिलाच ठाण्याच्या पायऱ्या चढून आला. ठाणे अंमलदार खुर्ची सोडून उभा राहिला. साहेब आल्यावरही तो कधी इतक्या चटकन उठला नव्हता.