पस्तीसची एकच लेन्स

विशूदादा गेल्याचा फोन बँकेत आला, तेव्हा रिसीव्हर कानाला लावायच्या आधीच मला काय ते कळलं होतं. आदल्या रविवारी मी आणि माझी बायको शुभा त्याला इस्पितळात भेटून आलो होतो. फुप्फुसांनी साथ सोडली होती, नाकात नळी होती, आणि मी आपला नेहमीच्या सवयीनं यंदाच्या सहलीचं काहीबाही बडबडत होतो. त्यानं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "हंपी राहिली, सावंत." उशाशी बसलेल्या वहिनींनी तोंड खिडकीकडे वळवलं. हंपीला आम्ही चौघं सात-आठ वर्षांपूर्वी जाऊन आलो होतो... तरीही हंपी राहिली म्हणजे काय, हे चौघांनाही ठाऊक होतं. त्याला जाऊन आता दीड महिना झाला. ते हंपीचं एकदा लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

विश्वनाथ घरत राजोडीच्या बाजूचा. घरची केळीची आणि पानवेलींची वाडी थोरल्या भावानं सांभाळली आणि हा वालीवच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागला, तो शेवटपर्यंत तिथंच. मी परळ सोडून वसईत फ्लॅट घेतला त्याच वर्षी आमची गाठ पडली, तीही एका घोटाळ्यातून. स्टेशनजवळच्या फोटो लॅबवाल्यानं आमची पाकिटं अदलाबदल केली. माझ्या पाकिटात पाचूबंदरच्या होड्या निघाल्या आणि त्याच्या पाकिटात माझ्या मुलाचा वाढदिवस. पाकीट परत करताना तो पहिलं वाक्य बोलला ते असं : "केक बरा आलाय तुमचा. माणसांची डोकी मात्र सगळी कापलीत." मला राग आला आणि फोटो पुन्हा पाहिल्यावर तो गेलाही, कारण डोकी खरंच कापली होती. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणू लागलो. मी मात्र त्याच्या लेखी कायम सावंतच राहिलो.

दिवाळीत कारखाना आठ दिवस बंद असे. भाऊबीज झाली की आम्ही दोन जोडपी निघायचो, कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला. कपड्यांची बॅग लहान आणि कॅमेऱ्याची मोठी, हा विशूदादाचा शिरस्ता. प्रत्येक कामाला वेगळं हत्यार लागतं, ही टर्नरची शिकवण त्याच्या हाडीमाशी खिळलेली. त्यामुळे एका कॅमेऱ्यासोबत पाच लेन्स असत. वहिनींनी प्रत्येक लेन्सला जुन्या कापडाची पिशवी शिवली होती. लांबचं जवळ आणणारीला लाल, रुंद दाखवणारीला निळी, अशी. आकडे त्यांना कळत नव्हते, पण रंगांत चूक होत नसे. दादा डोळा कॅमेऱ्याला लावूनच, मागं न बघता, डावा हात पाठीमागं करायचा, "लाल" म्हणायचा, आणि वहिनी त्या हातात नेमकी लेन्स ठेवायच्या. वारा असला तर धूळ आत जाऊ नये म्हणून पदराचा आडोसा धरायच्या. आम्हाला याचं केवढं कौतुक होतं! जोडी असावी तर अशी, असं शुभा मला ऐकवायची.

हंपीला मातंग टेकडीवर आम्ही पहाटे चढलो. सूर्य वर आला तेव्हा खालची देवळं, नदी, केळीच्या बागा असं सगळं एकदम उजळलं. वारा भणभणत होता. दादानं त्या दहा मिनिटांत तीनदा लेन्स बदलली आणि वहिनी सगळा वेळ सूर्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी पदर ताणून उभ्या होत्या. हे मला त्या वेळी दिसलं नाही, हे कबूल करतो. मी सूर्य बघत होतो.

कळलं ते महिन्याभरानं, त्यांच्या घरी आल्बम बघताना. वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. वाडीतली भाजी त्या बाजारात नेऊन विकत, त्यामुळे तराजू कायम ओटीवर असायचा. आल्बमचं एक पान बघून त्या म्हणाल्या, "हे कुठलं वो?"

"अगं, हंपीचं. टेकडीवरचं. तू तिथंच होतीस की."

"व्हते. पन पाठमोरी." मग भाजीची काडी मोडत, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "आग्र्याला पन मी तुमची पिशवीच बघितली, हंपीला पन तीच बघितली. पुढल्या दिवालीला मी काय येनार नाय. तुमी नि तुमच्या लेन्सी जावा."

उठल्या, आणि ती बॅग उचलून सरळ तराजूत घातली. साडेचार किलो भरली. "एवढी वांगी असती तर बाजारात तरी नेली असती," म्हणाल्या. आम्ही हसलो, पण त्या हसल्या नाहीत. त्यांच्या माहेरी मिठागरावर बायका बोलतात कमी आणि बोललं की बदलत नाहीत, हे दादाला ठाऊक होतं. मी उगाच सगळे आल्बम चाळले. इतक्या वर्षांच्या सहलींत वहिनींचा एकही फोटो नव्हता. एका ठिकाणी कोपर होतं.

तिसऱ्या दिवशी दादा माझ्याकडे येऊन बसला. "एकच लेन्स ठेवायची. बाकीच्या घरी. तिच्याशिवाय मी नाय जानार कुठं. सांग कुठली ठेवू?" मी झूमचा पक्षपाती. म्हटलं, एकात सगळं येतं, डोकं कशाला खाजवतोस? त्यानं हात झटकला. झूम जड, वर देवळाच्या काळोखात आंधळी. मग त्यानं कारखान्यातली पद्धत काढली. आधी नमुना, मग माल. दर रविवारी एक लेन्स घेऊन पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावाला जायचं, दुसरी सोबत न्यायचीच नाही. मी शेपटासारखा मागं.

पहिल्या रविवारी त्याची लाडकी, लांब पल्ल्याची. हा दूर होडीआडून फोटो काढतोय हे एका कोळीणबाईनं हेरलं आणि ओरडली, "चोरावानी लांबशी काय बघतंस रं? जवल ये, मावरं बघ!" माशांपेक्षा आमच्याकडेच सगळा बाजार बघायला लागला. दुसऱ्या रविवारी रुंद दाखवणारी. त्या बाईचा फोटो तिला नेऊन दिला, तर ती कडेला उभी असल्यानं तिचा चेहरा ताणला गेलेला. "माजा गाल पावासारका फुगवलास!" म्हणून तिनं तो परत केला. तिसऱ्या रविवारी पन्नास मिलिमीटरची लेन्स बाहेर झकास चालली, पण माझ्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकूनही तिच्यात चार माणसं मावेनात. चौथ्या रविवारी पस्तीसची. बोटभर लांबीची, दिसायला अगदीच सामान्य. त्या दिवशी दादा सरळ लिलावाच्या गर्दीत शिरला आणि तासाभरानं मासळीचा वास घेऊन बाहेर आला. "डोळ्याला दिसतं जवळपास तेवढंच दिसतं हिच्यात," म्हणाला. "लांबचं पाहिजे असंल तर चालत जायचं."

घरी येऊन कॅमेरा त्या लेन्ससकट तराजूत ठेवला. किलोसुद्धा भरला नाही. वहिनींनी काटा पाहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग मी धरायचं काय?"

"काय नाय. तू बघायचं."

दिवाळीच्या आधी वहिनींनी स्वतःची पिशवी भरलेली शुभानं पाहिली.

याची किंमत त्याला मोजावी लागली. मिठागरावर उतरणारे पक्षी त्याचे जीव की प्राण. ते आता फोटोत ठिपके यायला लागले. दीवच्या किल्ल्यावर ("हा तर आपलाच वसईचा किल्ला! एवढ्या लांब कशाला आनलं?" इति वहिनी) दूरवर एक शिडाची होडी दिसली आणि दादाचा डावा हात सवयीनं मागं गेला. "लाल," म्हणाला. लाल पिशवी घरी होती. वहिनींनी त्या हातात मूठभर चणे ठेवले. त्यानं मागं न बघता ते खाल्ले आणि हसत वळला. शिडाची होडी गेली ती गेलीच, पण त्या फोटोत वहिनी आहेत, वाऱ्यानं पदर उडालेला, तोंडात चणे. त्यानंतरच्या प्रत्येक आल्बममध्ये त्या आहेत. पस्तीसला जवळ जावंच लागतं, त्यामुळे फोटोंत त्याची सावलीही कधीकधी त्यांच्या पायाशी येते.

फक्त हंपी पुन्हा झाली नाही. दोनदा तिकिटं काढली. एकदा वहिनींची आई आजारी पडली, आणि दुसऱ्यांदा दादाचा खोकला. टेकडी चढणं मग राहूनच गेलं. तो ते विसरला नव्हता, हे इस्पितळात कळलं.

गेल्या आठवड्यात बँकेच्या कागदांसाठी वहिनींचा फोटो हवा होता. स्टुडिओत जायला त्यांनी नकार दिला. "त्यांच्याच कॅमेऱ्यानं काढा," म्हणाल्या. कपाटातून कॅमेरा आणला. आता सगळीकडे फिल्मशिवायचे कॅमेरे आलेत, पण स्टेशनजवळच्या लॅबवाल्यानं कुठून तरी एक रोल काढून दिला. ओटीवर उजेड चांगला होता. मी लेन्सचं टोपण काढलं आणि कुठं ठेवावं म्हणून बघत होतो, तोच वहिनींनी तळहात पुढं केला. "हिकडं द्या, हरवाल." दिलं. मग त्या स्वतःच त्या उघड्या हाताकडे बघत राहिल्या. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी डोळा कॅमेऱ्याला लावला.

फोटो काढून झाल्यावर टोपण त्यांनी आपल्या हातानं लेन्सवर बसवलं. कॅमेरा माझ्या पुढ्यात ठेवला.

"यंदा कुठं जातायसा दिवालीला?"

"अजून काही ठरवलं नाही, वहिनी." खरं म्हणजे आम्ही जाणारच नव्हतो.

"हंपीला जाऊ," त्या म्हणाल्या. "तिथं माजं बघायचं राहिलंय."