वरच्या टप्प्याचं वजन

आमच्या कार्यालयात खोटं लिहिणारे आठ जण होते आणि खरं लिहिणारा एक. मी आठांतला. हे कबूल करायला मला म्हातारपण यावं लागलं.

निजामाच्या राज्याच्या विलीनीकरणानंतर काही वर्षांनी सरकारनं उमरग्याजवळच्या माळावर अंतराळयानाचं आरेखन कार्यालय काढलं. बाकीच्या देशांची यानं एकदा उडाली की संपत. दर वेळी नवं करणं आपल्याला परवडणारं नव्हतं, म्हणून आपल्या यानाचे दोन्ही टप्पे परत यायला हवेत असं ठरलं. खालचा टप्पा वरच्याला ढकलून माळावर उतरणार, वरचा पृथ्वीला फेऱ्या मारून येणार. खालच्याचं जमलं. वरच्यानं आमचं रक्त आटवलं.

वरच्या टप्प्याचे पंख आणि उतरताना आगीपासून वाचवणारं आवरण थोरल्या आरेखकांकडं होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. निजामाच्या बांधकाम खात्यात ते पुलांचे नकाशे काढत. विलीनीकरणात नोकरी गेली, दोन वर्षं घरी बसून काढली. वर गेलेलं धड परत आणायचं, एवढा एकच हट्ट त्यांना होता. चहाचा कप बशीवर तिरपा धरून ते मला आवरणाचा उतार समजावायचे, आणि चहा माझ्या नकाशावर सांडायचे. माझ्याकडं इंधनाची टाकी होती.

दर शनिवारी प्रत्येकानं आपल्या भागाचं अंदाजी वजन वहीत लिहायचं. मी पस्तीस किलो जास्त लिहायचो. उद्या कुणी दहा किलो कमी करा म्हणालं, तर काढून द्यायला हाताशी काहीतरी असावं. जळकोटला आमच्या घरी सरकारी लेव्हीचं सक्तीचं धान्य न्यायला माणसं आली की वडील अर्धी ज्वारी जमिनीतल्या पेवात दडवून उरलेली दाखवायचे. सरकारपुढं पुरतं खरं मांडायचं नसतं, हे आमच्या अंगात मुरलेलं. हा शहाणपणा माझा एकट्याचाच, असं मात्र मला वाटायचं.

बेरीज झाली तेव्हा वरचा टप्पा मर्यादेपेक्षा तीनशे किलो जड निघाला. मोठ्या साहेबांनी वही चाळली आणि चाचांच्या नावापुढं बोट ठेवलं. पंख आणि आवरण काढा, वरचा टप्पा जळू द्या, निदान यान उडेल तरी. चाचांनी एक महिना मागितला, तो मिळाला नाही. पस्तीस किलोंनी असा काय फरक पडणार होता, असं मनाशी म्हणत मी गप्प बसलो.

पुढं सगळे भाग तयार होऊन आले. ते तोलून खरी वजनं साहेबांकडं पाठवायची होती. धान्याच्या मोंढ्यातून मोठा काटा आणवला. स्वतःचं काम उरलं नव्हतं, म्हणून नोंदी घ्यायला चाचांनाच बसवलं. त्यांचे पंख शेडच्या कोपऱ्यात पडून होते.

पहिला सांगाडा पन्नास किलोंनी हलका भरला. मग माझी टाकी, पस्तीसनं. मग तिसऱ्याचं, चौथ्याचं. आठव्या भागापर्यंत कुणी कुणाकडं बघेना. चाचांनी बेरीज मांडली, पुन्हा मांडली. आठांनी मिळून तीनशे वीस किलो दडवले होते.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले.

"खरं लिवलं तर माझे पंख बसत्यात. पण मग वरचे इचारतील, आधी खोटं कुणी लिवलं. तुमच्यातल्या एकाची बी नोकरी ऱ्हायची न्हाय. घरी बसणं काय असतं, मला ठावं हाय. बोला, काय लिवू?"

माझं लग्न ठरलं होतं. बाकीच्यांचीही काही ना काही अडचण असेलच. शेवटी त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काट्याच्या पारड्याकडं बघत राहिलो. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते.

चाचांनी वही ओढली आणि आमचे जुनेच आकडे एकाखाली एक उतरवले.

यान उडालं. वरचा टप्पा समुद्रावर जळून गेला, पुढच्या यानांचेही गेले. सरकारी कागदांत कारण नोंदलेलं आहे: पंख आणि आवरण प्रमाणाबाहेर जड. खाली सही चाचांची आहे.