ग्रीन पॅरासोलचा डावा पाय

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर गालातल्या गालात हसत वाचतो. भूत, भानामती, अंगात येणं यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. माझी सगळी नोकरी भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात, इन्स्पेक्शनमध्ये गेली. अवाढव्य रोटरच्या पोलादात केसाएवढी चीर कुठे दडली आहे का, ते अल्ट्रासॉनिक मशीन लावून शोधायचं. सापडली तर तो जॉब, म्हणजे तो नगच, रिजेक्ट. अशा माणसाने इथे लिहायला बसावं म्हणजे गंमतच आहे... पण हे माझ्याच घरात, भर दुपारी, साक्षीदारासमोर घडलं. म्हणून लिहितो.

काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. पुढे व्हरांडा, मागे परसात पेरूची दोन झाडं. घरात मी, बायको सुनीता आणि आई. आई वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातली. वडील गेल्यावर मी तिला भोपाळला आणलं. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. माणूस ओळखायची ती आवाजावरून. दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं ठरलं होतं.

आता माझ्या व्यसनाबद्दल. इंजिनिअरिंगला मी पुण्यात होतो तेव्हा होस्टेलची पोरं एकदा रेसकोर्सवर घेऊन गेली. बाकीच्यांना पैज आवडली, मला गणित आवडलं. कोणता घोडा मागच्या चार रेसमध्ये किती वजन घेऊन पळाला, आता वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरने त्याच्या पाठीवर किती किलो वाढवले, अंतर चौदाशे मीटर की दोन हजार, सकाळच्या सरावाच्या धावेला, गॅलपला, त्याने काय वेळ दिली... हे सगळं मांडून कोण जिंकेल ते काढायचं. भोपाळला आल्यावर रेसकोर्स सुटला, वही सुटली नाही. पुण्याचा सीझन सुरू झाला की माझा मेहुणा विनायक कुरिअरने रेसकार्ड पाठवायचा. तो बँकेत होता आणि रविवारी कोर्सवर असायचाच. शनिवारी दुपारी मी आणि कारखान्यात माझ्याच शॉपमधले, म्हणजे विभागातले, दुबेजी व्हरांड्यात चटई टाकून बसायचो. सगळं कागदावरच. खरं तिकीट सीझनमध्ये एकदाच काढायचं, असा सुनीताचा कायदा होता. ते म्हणजे जॅकपॉटचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जॅकपॉट म्हणजे लागोपाठ पाच रेसचे पाचही विजेते आधीच सांगायचे. एक चुकला की खेळ खलास. मग जिथे खात्री नाही तिथे दोन-तीन घोडे धरायचे आणि जिथे पक्की खात्री आहे तिथे एकच. त्या एकट्याला बँकर म्हणतात. सगळा डाव त्याच्यावर उभा असतो. प्रत्येक रेसमध्ये किती घोडे धरले त्या आकड्यांचा गुणाकार म्हणजे तुमच्या तिकिटाच्या लाइनी. तो गुणाकार आवाक्यात ठेवून चुकायची जागा कमी करायची... या विचारात मला जी शांती मिळायची ती देवळात कधी मिळाली नाही.

त्या शनिवारी आमचं वर्षाचं तिकीट ठरत होतं. पहिल्या रेसला दोन घोडे, दुसरीला तीन, तिसरी फारच मोकळी म्हणून चार, चौथीला दोन. एकूण अठ्ठेचाळीस लाइनी, आणि पाचव्या रेसला बँकर — ग्रीन पॅरासोल नावाची चार वर्षांची घोडी. मागच्या तीनपैकी दोन रेस जिंकलेली, वजनही बेताचं. माझ्या वहीप्रमाणे तिला हरवणारं त्या रेसमध्ये कोणीच नव्हतं.

"लिखिए दुबेजी," मी मोठ्याने म्हणालो, "पाँचवीं में सिर्फ ग्रीन पॅरासोल."

आई आमच्यापासून चार हातांवर खुर्चीत बसून गवार मोडत होती. हाताच्या अंदाजानेच मोडायची. मान वर न करता ती म्हणाली, "ठकीले नको पळवू म्हणा उद्या."

मला वाटलं, शेजारपाजारच्या कोणाबद्दल बोलते आहे. "कोण ठकी, आई?"

"तेच नं, आता नाव घेतलं तू जिचं. शेवटची."

दुबेजींना इतक्या वर्षांत मराठी बऱ्यापैकी समजायला लागलं होतं. ते हसले. "माताजी भी घोड़े लगाएँगी क्या?"

आई हसली नाही. "पाय दुखून राहिला तिचा. समोरचा, डावा. कोनाले समजूनच नाही राहिलं. दोन दिवसांपासून जेवून नाही राहिली ते. तिची बकरी नेली नं तिथून, तं सारे म्हनतात बकरीसाठी रुसली. बकरीचं नाही रे बापू... पाय आहे तो."

मला घरात बापू म्हणतात. ज्या आवाजात ती "सुनीताच्या डोक्याला तेल नाही लावलं" म्हणायची, त्याच आवाजात हे बोलली. डोळे फिरले नाहीत, आवाज बदलला नाही. फक्त शेंगा बाजूला ठेवून ती स्वतःचं डावं मनगट चोळत होती.

"तुला कोणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"सांगाले काय लागते? दिसून राहिलं नं."

जिला समोरचा चहाचा कप दिसत नव्हता ती हे म्हणाली. मग तिने आपलं आपण आणखी एक वाक्य टाकलं. "उद्या पळवलं तं मरन ते."

आणि परत गवार मोडायला लागली.

दुबेजी आता हसत नव्हते. पेन्सिल खाली ठेवून हळूच म्हणाले, "भाईसाहब, बुढ़ापा है. आप काम कीजिए." मी काम केलं. पण काम काय डोंबल होणार? त्याच ओळीवरून नजर फिरत राहिली.

पाच वाजता तिकिटाचे आकडे घ्यायला विनायकचा फोन आला. मी पहिल्या चार रेस सांगितल्या. पाचवीवर अडलो.

"भावजी, पुढे? लाइन कट झाली का?"

"ग्रीन पॅरासोल लिही... विनायक, एक ऐक. तुझ्या ब्रँचमध्ये तिच्या स्टेबलच्या डॉक्टरांचं खातं आहे म्हणाला होतास ना? त्यांना जरा फोन कर. म्हणावं, घोडीचा पुढचा डावा पाय बघा."

"काय? कोण म्हणालं?"

काय सांगणार? आईने सांगितलं म्हणालो असतो तर पुढची दहा वर्षं सासरी माझी टिंगल झाली असती. मी थाप मारली. "इकडे एकाला आतली बातमी आहे. आणि सांग की, बकरी नेली म्हणून ती खात नाही असं सगळ्यांना वाटतंय, पण कारण पाय आहे."

"बकरी?"

"हो, बकरी. तू फक्त सांग."

ठकी हे नाव मी सांगितलं नाही. ते मला आईच्या डोक्यातलंच काहीतरी वाटलं होतं. फोन ठेवला आणि इतकी लाज वाटली की सुनीताने विचारलं, "अहो, कान का लाल झालेत?"

रविवारी आमचा जॅकपॉट पहिल्याच रेसमध्ये गेला. दोन घोडे धरले होते, ते तिसरा आणि सातवा आले. संध्याकाळी विनायकचा फोन आला तेव्हा त्याला हे सांगायची घाईच नव्हती.

"भावजी, तुमचा तो माणूस कोण आहे?"

"का?"

"काल डॉक्टर आधी माझ्यावर हसले. मी बकरीचं म्हटल्यावर मलाच विचारायला लागले, कोणी सांगितलं. म्हणाले, ही गोष्ट स्टेबलच्या बाहेर कोणी बोललेलं नाही. घोडी रात्री बिथरते म्हणून तिच्याजवळ एक बकरी बांधायचे. ती आजारी पडली म्हणून गुरुवारी हलवली. घोडी तेव्हापासून चाऱ्याला तोंड लावत नव्हती. सगळे म्हणत होते, बकरीसाठी. डॉक्टर लगेच गेले, पाय दाबून बघितला, एक्स-रे काढला. नळीच्या हाडाला चीर आहे, केसाएवढी. चालताना काही कळत नाही. पण जोरात पळाली असती तर पाय मोडला असता... आणि मग घोड्याचं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. वर जॉकी बसलेला, तो वेगळाच. नाव काढून घेतलं तिचं. पळालीच नाही आज."

केसाएवढी चीर. ती शोधायला मी ज्या मशीनसमोर बसायचो ते एका माणसाला उचलत नव्हतं. आणि इथून पुणं आठशे किलोमीटर.

मी वळून बघितलं. आई देवापुढे वाती वळत बसली होती.

"तुझी ठकी नाही पळाली आज," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि "सुनीता, तूप संपलं व," असं आतल्या दिशेला ओरडली.

तीन आठवड्यांनी ऑफिसच्या कामाने पुण्याला जायचं झालं. विनायक मला सकाळी सकाळी स्टेबलवर घेऊन गेला. घोडी उभी होती, तपकिरी, अंगाने बारीक, डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी. जवळ एक पांढरी बकरी निवांत चघळत होती. घोडीचा मोतद्दार मारुती, साताऱ्याकडचा, पन्नाशीचा माणूस, मला बघून उठलाच नाही. स्टेबलमधली गोष्ट बाहेर गेली म्हणून बोलणी त्यालाच खावी लागली होती.

"तुमीच का ते भोपाळवाले? कुनी सांगितलं तुमास्नी?"

तिथे खोटं बोलवेना. मी म्हणालो, "माझ्या आईने. ती कधी भोपाळ-वर्ध्याच्या पलीकडे गेलेली नाही. तिला दिसतही नाही. ती म्हणाली, ठकीचा पाय दुखतोय."

मारुती एकदम उठून उभा राहिला. विनायक मला म्हणाला, "ठकी कोण?"

"ही," मारुती म्हणाला. "शिंगरू व्हती तवा लाकडी भावलीवानी ताठ हुबी ऱ्हायची, म्हनून म्या ठकी म्हन्तो. म्या एकलाच. ट्रेनरसायबास्नी बी ठावं न्हाई." मग घोडीच्या मानेवर हात ठेवून त्याने जरा चाचरत विचारलं, "शनिवारी दुपारचं म्हनाल्या का त्या? तीनच्या टायमाला?"

"साधारण तीनलाच. का?"

"तवाच खाल्लं हिनं. दोन दिसांनी. आपल्या आपन."

त्याने आईचं नाव विचारलं. मी गंगूबाई म्हणून सांगितलं. त्याने ते नाव दोनदा पुटपुटलं आणि आमच्यासाठी चहा आणायला स्वतः गेला.

भोपाळला आल्यावर मी आईला खोदून खोदून विचारलं. तिला नीट आठवतच नव्हतं. "म्हटलं असन मी. मले काय समजते घोड्यातलं?" तिच्या माहेरी घोडा होता का? नव्हता, बैल आणि एक म्हैस. ठकी नावाची कोणी बहीण, मैत्रीण? मी मामांना पत्र टाकून विचारलं. कोणी नाही. दिवाळीनंतर दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तिला चांगलं दिसायला लागलं. मी तिला रेसचा मोठा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, "केवढाले आहेत व माय! भेव नाही वाटत लोकायले?"

त्यानंतर प्रत्येक शनिवारी मी कार्ड मुद्दाम मोठ्याने वाचायचो, तिला ऐकू जाईल असं. एकदाही, एका घोड्याबद्दलही ती काही बोलली नाही. बहुतेक वेळा दुसऱ्या रेसपर्यंत तिला खुर्चीत डुलकी लागायची.

योगायोग म्हणणारे म्हणतील. पण योगायोग किती मोठा असू शकतो हे काढणं हीच माझी आयुष्यभराची करमणूक. पाय चार असतात, त्यातला एक बरोबर आला, मान्य. बकरीही एक वेळ सोडून देऊ. पण ते नाव? ते मी कुठल्या रकान्यात मांडू? पुष्कळ प्रयत्न केला. वहीचं ते पान कोरंच राहिलं आहे. आई जाऊन आता खूप वर्षं झाली. दुबेजी भोपाळजवळच मिसरोदला मुलाकडे असतात. आम्ही भेटतो तेव्हा दोघंही एकमेकांना तेच विचारतो आणि दोघंही मान हलवतो.

घोडी पुन्हा पळाली नाही. तिला पैदाशीसाठी स्टड फार्मवर पाठवलं. चार-पाच वर्षांनी पुण्याहून आलेल्या कार्डावर, नवख्या घोड्यांच्या रेसमध्ये, एका शिंगराच्या नावाखाली त्याच्या आईचं नाव छापलेलं दिसलं — ग्रीन पॅरासोल. मी वही उघडलीच नाही. वजन नाही, अंतर नाही, गॅलपची वेळ नाही. डोळे मिटून त्याला बँकर धरलं. दुबेजींनीही एका शब्दाने विरोध केला नाही.

बारा घोड्यांत चौथा आला.

सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी शॉपमध्ये पेढे वाटले. फोरमनने पेढा तोंडात टाकून विचारलं, "किस खुशी में, भाई?"

दुबेजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "घर का बच्चा है, साहब. कल पहली बार दौड़ा."