दोनदा मेलेली चांदणी

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते चिडण्यासाठी. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... आणि शेवटी लेखक हात जोडून म्हणतो, विज्ञानाला सगळं कळत नाही! असल्या लोकांवर मी दोन पत्रकं लिहिली आहेत आणि भिवंडीच्या बाजारात उभं राहून स्वतः वाटली आहेत. दिघाशीला, आमच्या गावी, घराच्या कुडाला वडिलांनी जुनी पत्रकं चिकटवली होती, वारा अडावा म्हणून. मी अक्षरं त्यांच्यावर शिकलो. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'संघटित व्हा' वाचता येत होतं.

तेव्हा हे नीट लक्षात घ्या — मला भूत दिसलेलं नाही. मला एक मेलेलं कबुतर दिसलं. दिवसाढवळ्या, स्वच्छ उन्हात. आणि त्या कबुतराने गेलं वर्षभर माझं डोकं उठवलं आहे.

जागा सांगतो. कल्याणहून कोन गावावरून भिवंडीत आलं की खाडीच्या अंगाला लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांची एक गल्ली आहे. तिथे माझ्या घरमालकिणीचा, खालांचा, चार लूमचा छोटा कारखाना, मागे अंगण, आणि अंगणाला लागून दोन खोल्या. एकीत खाला राहतात, दुसरीत मी भाडेकरू. पलीकडे एक भिंत, आणि भिंतीपलीकडे बाळारामदादांचा मोठा कारखाना. त्याच्या पत्र्यावर त्यांनी लाकडी खुराडी बांधून कबुतरं पाळली आहेत. मी स्वतः जवळच्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावतात तिथे, कामाला आहे. ही खळच सगळ्या भानगडीचं मूळ. ती पिठाची असते, म्हणून उंदीर बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, गुंडाळलेलं सूत कुरतडतात आणि एका रात्रीत कापडाचं वाटोळं करतात. त्यामुळे आमच्या गल्लीत मांजर लाडाने पाळत नाहीत, कामाला ठेवतात.

खालांची मात्र दोन्ही मांजरं कामाचीही होती आणि लाडाचीही. रानी आणि तिचा मुलगा मुन्ना. घरात दूध पिऊन झोपणारी नव्हेत, दिवसभर बाहेर. पत्र्यांवर, खाडीच्या चिखलात, झुडपांत. आणि जे मारतील ते आणून खालांच्या उंबऱ्यावर ठेवायचं, हा नेम.

गेल्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या होळीनंतर, खालांच्या मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांना मालेगावला जावं लागलं. लूम बंद ठेवले, पण बीम चढवलेलेच होते. मांजरं माझ्या गळ्यात पडली.

"जो भी लाके रखें, डाँटना नहीं," खाला पेटी बांधता बांधता म्हणाल्या. "शाब्बास बोल के उठा लेना. नहीं तो उनका दिल टूटता है."

"खाला, शिकार करणं हा त्यांचा निसर्गधर्म आहे. त्याला शाबासकी कशाला?"

"और भाषण देना तेरा निसर्गधर्म है. मैं सुनती हूँ ना?"

आणि त्या खळखळून हसल्या. पण मग त्या हसायच्या थांबल्या आणि बाळारामदादांच्या भिंतीकडे हात करून म्हणाल्या, "उसपे नज़र रख."

त्याच्या आदल्या वर्षी बाळारामदादांची कबुतराची दोन पिल्लं नाहीशी झाली होती. त्यांनी भांडण काढलं, गल्ली जमली आणि सगळ्यांसमक्ष ठरलं — पुन्हा या मांजरांनी कबुतर मारलं तर दादा त्यांना पोत्यात घालून खाडीत टाकतील आणि खाला आडव्या येणार नाहीत. खालांचे यजमान गेल्यापासून त्या घरात दुसरं जिवंत कुणी नाही. मी शब्द दिला — तुम्ही परत याल तेव्हा दोन्ही मांजरं इथे असतील.

मग सुरू झाला माझा छळ. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर उंदीर. तोंड धुऊन यावं तर चिचुंद्री. कधी सरडा, कधी चिमणी, एकदा तर खाडीतली जिवंत निवटी मासळी, तीही माझ्या चपलेत! मी राख टाकून, पुठ्ठ्यावर उचलून सगळं पुरत होतो. रानी बाजूला बसून माझ्याकडे बघायची. मी शाब्बास म्हणत नव्हतो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

त्या गुरुवारी सकाळी उंबऱ्यावर कबुतर होतं.

पांढरंशुभ्र, शेपटीत एकच काळं पीस. उजव्या पायाच्या एका बोटाला नख नव्हतं. आणि त्याच पायात नारिंगी-हिरवं सूत पिळून बांधलेलं, वर विणकरांची ती बारीक गाठ, जी एकदा बसली की सुटत नाही. बाळारामदादा त्यांच्या प्रत्येक कबुतराला कारखान्यातल्या उरलेल्या रंगीत सुताने अशी खूण करतात. नारिंगी-हिरवी खूण म्हणजे चांदणी. दादांची सगळ्यात लाडकी.

मी वाकून नीट पाहिलं. दात लागल्याची एकही खूण नव्हती. मान पिळवटलेली. आणि डाव्या पंखावर दाट काळं ग्रीस, लूमच्या मोटारीला लागतं तसलं.

कुणीही शहाण्या माणसाने ते कबुतर गुपचूप पुरलं असतं. पण मी पत्रकांवर वाढलेला! आजवर मालकांच्या लपवाछपवीवर लिहिलं, आता मीच लपवू? मी तडक अंगणातून भिंतीशी गेलो आणि हाक मारली. दादा पत्र्यावर दाणे टाकत होते.

"दादा, वाईट बातमी आहे. तुमची चांदणी गेली. उंबऱ्यावर आहे. पण मांजराने मारलेली दिसत नाही, तुम्ही खाली येऊन बघा —"

"काय रं भास्कऱ्या, सकाली सकाली चढवलीस काय?" दादा हसायला लागले. त्यांनी हात वर केला. मनगटावर कबुतर बसलं होतं. पांढरं. त्यांनी ते माझ्याकडे वळवलं... शेपटीतलं काळं पीस, पायातलं नारिंगी-हिरवं सूत. "ही कोन? तुजी मावशी?"

"मग इथे जे पडलंय ते?"

"आसंल कुनाचा. माजी मोजून सगली हायत. जा, पत्रक काढ — कबूतर जिवंत हाय म्हून!"

ते खाली आले नाहीत. मी किती विनवलं, हात जोडले, पाच मिनिटं येऊन बघा म्हटलं. नाही म्हणजे नाही. पुढच्या सगळ्या मनस्तापाचं मूळ इथे आहे. त्या दिवशी ते मेलेलं कबुतर माझ्याशिवाय कुणीही पाहिलं नाही.

मीही स्वतःची समजूत घातली. पांढरी कबुतरं पुष्कळ असतात. सूत काय, गल्लीभर पडलेलं असतं. मी ते अंगणाच्या कोपऱ्यात पुरलं, वर फरशीचा तुकडा ठेवला आणि कामावर गेलो.

शुक्रवारी आमच्याकडे वीज बंद, म्हणून सगळे लूमही बंद असतात. गल्लीत इतकी शांतता असते की माणसं हळू बोलायला लागतात. संध्याकाळी दादांची शीळ ऐकू आली, मग पुन्हा ऐकू आली, आणि मग ऐकू येतच राहिली. चांदणी खुराड्यात परतली नव्हती.

शनिवारी सकाळी दादा पोतं घेऊनच अंगणात आले. मुन्ना उन्हात लोळत होता, त्याला त्यांनी मानगुटीला धरून आत टाकलं. रानी पळाली नाही. पिल्लू ओरडत होतं म्हणून ती पोत्यापाशी आली आणि सापडली.

"दादा, थांबा! पुरावा काय?"

"पुरावा? तूच बोललास ना परवा, चांदणी मेली म्हून!"

"परवा ती तुमच्या हातावर होती! तुम्हीच दाखवलीत!"

"ते मना म्हाईत न्हाय. तू बोललास, कबूतर गेला. कुठं पुरलंस ते दाखव."

बघा कसा फास बसला. मी खरं बोललो नसतो तर त्यांनी शंकाही घेतली नसती. कबुतर हरवलं, ससाण्याने नेलं, संपलं. माझ्या खरेपणाने ती दोन मुकी जनावरं पोत्यात गेली होती आणि पोतं हलत होतं.

मी फरशी उचलली आणि हातानेच माती उकरली. कबुतर तिथेच होतं. मुंग्या लागलेल्या, वास सुटलेला. दादांनी पायातलं सूत बोटाने पुसलं, गाठ बघितली, नख नसलेलं बोट बघितलं. मोठा माणूस, पण त्यांचा चेहरा लहान झाला.

"माजीच हाय," ते म्हणाले. "नख मीच कापलेला, जखम झालेली तवा."

"दादा, ही घाण बघा. हे काल मेलेलं कबुतर आहे का? आणि हे ग्रीस —"

"बास!" त्यांनी पोत्याचं तोंड पिळून धरलं आणि उठले.

त्याच क्षणी वीज आली. शनिवारी सकाळी सगळी गल्ली एकदम सुरू होते, जमीन पायाखाली थरथरते. भिंतीपलीकडे दादांचे लूम धडधडायला लागले, आणि त्यात एक वेगळाच आवाज आला, फडफड आणि चरकात ऊस अडकल्यासारखी करकर. सलीमची, त्यांच्या कारागिराची हाक आली.

"मालिक! पट्टे में कुछ आया! बंद करो, बंद करो!"

दादा धावले. पोतं त्यांच्या हातातच होतं, म्हणून मीही धावलो. सलीमने मोटार थांबवली होती. पट्ट्याच्या खालून त्याने ते बाहेर काढलं. शुक्रवारच्या बंदमध्ये मोटारीच्या आडोशाला येऊन बसलं असणार.

पांढरं कबुतर. अजून गरम. शेपटीत एक काळं पीस. उजव्या पायात नारिंगी-हिरवं सूत, त्याच पायाच्या बोटाला नख नाही. मान पिळवटलेली. आणि डाव्या पंखावर दाट काळं ग्रीस.

मी अंगणातलं कबुतर पुठ्ठ्यावर आणलं आणि शेजारी ठेवलं. ग्रीसचा डागसुद्धा तोच हो... वर रुंद, खाली निमुळता. एक आत्ता मेलेलं, एक गुरुवारचं. बाकी तिळमात्र फरक नाही.

दादांनी दोन्ही पायांतली गाठ बोटाने चाचपली. मग त्यांनी पोतं उपडं केलं. मांजरं भिंतीवरून उडी मारून गेली. आणि मी अडवायच्या आत त्यांनी दोन्ही कबुतरं त्याच पोत्यात घातली आणि स्वतः जाऊन खाडीत टाकून आले. मी मागे धावत होतो — दादा, चार माणसांना दाखवू, डॉक्टरला दाखवू, फोटो काढू! त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मांजरं वाचली. मला वाटलं होतं खरा प्रश्न आता सुरू होईल, लोक विचार करतील. लोकांनी विचार केला आणि त्यांना उत्तर सापडलंसुद्धा.

आठवड्याभरात दादा भिंतीवरून म्हणाले, "भास्कऱ्या, डोकं हाय रं तुला. दुसरा कबूतर आनून माजंच सूत बांदलंस, हां? म्हातारीच्या मांजरांसाठी."

"आणि नख? ते ग्रीस? चांदणी पट्ट्यात मरणार हे मला गुरुवारी कसं कळलं?"

"ते तू सांग. तू शिकलेला."

सलीमला विचारलं, तर म्हणाला, "मैं तो मोटर देख रहा था भाई, कबूतर कौन देखता है."

आमच्या अभ्यासमंडळात मी सगळं मांडलं. तिथे सगळे वाचलेले, वाद घालणारे. मला वाटलं इथे तरी कुणी माझ्या बाजूने त्या दोन कबुतरांकडे बघेल. आमचा नाना म्हणाला, "युक्ती झकास आहे. पण आपल्यात तरी कबूल कर ना राव." आणि सगळे हसले. मी बाहेर निघून आलो. तेव्हापासून गेलेलो नाही.

बाळंतपण उरकून खाला परत आल्या तेव्हा दोन्ही मांजरं त्यांच्या अंगावर चढली. खाला रडल्या. मालेगावहून त्यांनी माझ्यासाठी शर्टाचं कापड आणलं होतं. गल्लीने त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "मेरे वास्ते इतना बड़ा झूठ बोला तू. अल्लाह तुझे माफ करे."

मी म्हटलं, "खाला, मी खोटं बोललो नाही."

"हाँ हाँ," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "किसी को नहीं बताऊँगी."

ते कापड अजून तसंच घडी करून ठेवलं आहे. मला अंगाला लावावंसं वाटत नाही.

वाचकहो, मी वर्षभर डोकं शिणवलं आहे. योगायोग म्हणून पाहिलं. दोन जुळी कबुतरं म्हणून पाहिलं, पण मग दादांच्या हाताने कापलेलं नख दोघांना कसं? माझी नजर चुकली म्हणून पाहिलं, पण ते पुठ्ठ्यावर माझ्याबरोबर दादांनीही पाहिलं होतं. कुणी म्हणेल, मांजराला पुढे होणारं आधीच कळतं. मी ते मानायला तयार नाही. उद्याही त्याच्याविरुद्ध पत्रक लिहीन. शेवटी सगळ्या तर्काने, सगळ्या विज्ञानाने एकच स्पष्टीकरण उरतं आणि ते गल्लीतल्या प्रत्येकाने केव्हाच दिलं आहे — मी खोटं बोललो. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही बेधडक हेच म्हटलं असतं, आणि छापलंही असतं.

फक्त एवढंच की मी खोटं बोललो नाही. ही एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, आणि ती सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नाही.